वाजवणारा कुठंय?

आजचा भाग गॅलरीबद्दल आहे. फोनमधल्या नाही. पांढऱ्या भिंती, काचेचा दरवाजा, आत डोकावताना उगाच छातीत धडधडतं, त्या गॅलरीबद्दल. लगेच पुढच्या एपिसोडवर उडी मारू नका. मीही विरारचाच आहे, आपलं निम्मं आयुष्य चर्चगेट फास्टमध्ये एका पायावर उभं राहण्यात जातं हे मला माहीत आहे. आणि सव्विसाव्या वर्षापर्यंत मी एकाही आर्ट गॅलरीत पाऊल ठेवलेलं नव्हतं. जहांगीरसमोरून मात्र कितीतरी वेळा गेलो असेन. फुटपाथवर बसून पोर्ट्रेट काढणाऱ्या चित्रकारांपाशी थांबायचं, पाच मिनिटं बघायचं, मग वडापाव खायचा आणि स्टेशन गाठायचं. आत जायला तिकीट असेल असं मला वाटायचं. तिकीट नसतं. हे कळायला मला एक बग लागला.

सांगतो.

मी मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. दिवाळीच्या आठवड्यात अ‍ॅप उघडलं की दोन सेकंद सणाची एक स्क्रीन दाखवायची, असं ठरलं होतं. डिझायनर सुट्टीवर. शुक्रवारची संध्याकाळ, सोमवारी रिलीज. मी इंटरनेटवर 'वारली' टाइप केलं आणि फुकट वापरता येणारी एक फाइल उतरवून घेतली. तुम्ही हे चित्र हजारदा पाहिलंय. कुर्त्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, विरार-डहाणू पट्ट्यातल्या स्टेशनांवरसुद्धा. हातात हात गुंफून गोल फिरणारी माणसं आणि मध्ये एक लांबलचक वाद्य वाजवणारा माणूस. आता अडचण अशी की स्क्रीनच्या मधोमध कंपनीचा लोगो यायला हवा होता. तो बसेना. म्हणून मी मधला माणूस सिलेक्ट केला, डिलीट दाबलं आणि तिथे लोगो ठेवला. एकदम परफेक्ट बसला! मॅनेजरनं अंगठा दाखवला.

सोमवारी सकाळी टेस्टिंगमधून बग आला. शीर्षक एवढंच : 'वाजवणारा दिसत नाही.' प्रायॉरिटी लो. मी वाचलं, हसलो, 'डिझाइनप्रमाणे आहे' असं लिहून बंद करून टाकलं.

बग टाकणारा माझा सहकारी डहाणू तालुक्यातला, वारली समाजाचा. त्याचं नाव इथे सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. आम्ही बऱ्याचदा संध्याकाळी एकाच गाडीनं परततो. मी विरारला उतरतो आणि तो पुढे डहाणू लोकल पकडतो. त्या दिवशी बोरिवली गेल्यावर जरा जागा झाली, तेव्हा त्यानं मोबाइल काढून माझीच स्क्रीन मला दाखवली. म्हणाला, "हे सगळे नाचतायत कशावर? तुझ्या लोगोवर?"

मी म्हटलं, "अरे, डेकोरेशन आहे ते. दोन सेकंदांचं."

"तारपा वाजवणारा असतो ना मध्ये, त्याच्याकडे पाठ करायची नसते. तो सूर बदलतो, की पाऊल बदलतं. तो वळतो, की रांग वळते. तो काढलास तर ही माणसं काय करतायत सांग बघू. तिकीट खिडकीसमोर उभी आहेत!"

मला हसू आलं आणि नंतर आलं नाही. तो चिडलेला नव्हता, हे जास्त त्रासदायक होतं. टेस्टिंगवाली माणसं असतातच तशी, बग शांतपणे सांगतात. तेव्हा माझ्या डोक्यात आपलं इंजिनिअरचं गणित सुरू झालं. आम्ही कोड लिहिताना दुसऱ्यांचा कोड सर्रास वापरतो. फुकट वापरतो. पण एमआयटी लायसन्ससारख्या सगळ्यात ढिल्या परवान्याचीही एक अट असते : ज्यानं लिहिलंय त्याच्या नावाची सूचना काढायची नाही. ती अट मी कधी मोडलेली नाही, कारण ती मोडली तर कंपनीच्या वकिलाचा मेल येतो. चित्रातून मी नाव काय, आख्खा माणूस काढून टाकला आणि कोणाचाही मेल आला नाही. एक बग आला, तोही मी बंद केला.

तर त्या शनिवारी तो म्हणाला, "चल फोर्टला. एका गॅलरीत एक खरं चित्र लागलंय, दाखवतो." आणि गंमत बघा, आपल्या स्वतःच्या पालघर जिल्ह्यातलं चित्र बघायला आम्ही दोघं उलट्या दिशेनं, चर्चगेटकडे निघालो. नकाशा आठवा. चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर, आणि विरारपासून डहाणू रोड पुढे तेवढंच. आपण बरोबर मध्ये आहोत. २०१३ पासून तर थेट डहाणूपर्यंत लोकल जाते. तरी मी उत्तरेला कधी गेलो असेन तर हुरडा पार्टीला आणि बीचवर.

गॅलरीत शिरतानाचं जरा सविस्तर सांगतो, कारण अडतो आपण तिथेच. जुनी इमारत, लाकडी जिना, दारावर बेल. बेल दाबायची वेळ आली तेव्हा मी माझे चपलांमधले पाय बघत होतो. दार उघडलं. एक मुलगी लॅपटॉपवर काम करत बसली होती, तिनं मान हलवली आणि परत कामाला लागली. संपलं. कोणी विचारलं नाही की तुम्ही विकत घेणार का, तुम्हाला कलेतलं काय कळतं, कुठून आलात. टेबलावर एक वही होती, त्यात नाव आणि मेल लिहायचा, तोही मर्जी असेल तर. चित्राशेजारी किंमत नव्हती, ती वेगळ्या कागदावर असते आणि मागितली की देतात. मी मागितली. वाचली. हळूच घडी घालून परत ठेवली. त्यावरही कोणी काही बोललं नाही.

आणि मग ते चित्र. कापडावर शेणाचा हात दिलेला, त्यावर पांढऱ्या रंगानं काढलेलं. स्क्रीनवर वारली चित्र म्हणजे एक त्रिकोण उलटा, एक सुलटा, वर गोळा, झालं, कॉपी-पेस्ट. इथे एकही माणूस दुसऱ्यासारखा नव्हता. एक जण ओझ्यानं वाकलाय, एकीनं मूल पाठीला बांधलंय, एक म्हातारा रांगेतून किंचित मागे पडलाय. रेघ कुठे जाड, कुठे केसासारखी. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात आणि त्याचाच ब्रश, हे मला सहकाऱ्यानं तिथेच सांगितलं. मी नाक जवळ नेलं तर सारवलेल्या जमिनीचा अगदी पुसट वास आला. किंवा मला तसं वाटलं. आजीच्या घरी गेल्यासारखं झालं एवढं खरं.

तिथून खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, हे आपल्या पाड्यावरून इथवर आलं कसं? मग आम्ही चालत चालत जहांगीरपाशी आलो आणि त्यानं वर, पहिल्या मजल्याकडे बोट दाखवलं.

ती गोष्ट मी नंतर वाचून काढली, कारण मला ती फारच आवडली. केकू गांधी नावाचे एक पारशी गृहस्थ. केंब्रिजला शिकत होते, सुट्टीत मुंबईला आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं, परत जाणं राहिलं. एका बेल्जियन माणसाची गाठ पडली आणि १९४१ मध्ये त्यांनी धंदा सुरू केला तो चित्रांच्या फ्रेम बनवायचा. नाव केमोल्ड. कला वगैरे नंतर, आधी लाकडाच्या पट्ट्या! फ्रेमच्या दुकानाच्या शोकेसमध्ये काहीतरी लावायला हवं, म्हणून त्यांनी तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली. हेब्बर, आरा, हुसेन. तेव्हा मुंबईत अशा चित्रांना भिंतच नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ मध्ये. आणि १९६३ मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर स्वतःची छोटीशी गॅलरी सुरू केली. छोटीशी म्हणजे खरंच छोटी. गॅलरी खोर्शेदबाई चालवायच्या. भूपेन खख्खर यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९६५ मध्ये तिथलंच. चव्वेचाळीस वर्षं ती तिथे होती, २००७ मध्ये फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली आणि आजही आहे.

त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत १९७५ मध्ये एक प्रदर्शन लागलं. चित्रकार होते जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, धामणगावचा, तलासरी तालुक्यातला. पुढे राहिले डहाणू तालुक्यातल्या कलंबीपाड्याला. आपल्या ओळीतलं, आपल्याच गाडीच्या शेवटच्या टोकाचं गाव. लहानपणी आई गेल्यावर ते बोलायचेच बंद झाले होते, धुळीत चित्रं काढून काय हवं ते सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे मुंबईचे चित्रकार सरकारी कामासाठी या पाड्यांवर फिरत होते. कागद आणि पांढरा रंग वाटत होते. त्यांना म्हसे दिसले. मग दिल्ली, मग ही खोली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचं काम. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, आमच्या कॉलेजच्या फेस्टची थीम त्या वर्षी 'वारली' होती. बॅकड्रॉपसाठी सगळ्यांनी मिळून त्रिकोण रंगवले होते. म्हसे हे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं आणि ते आमच्यापासून दोन-अडीच तासांवर राहत होते.

इथे माझ्या सहकाऱ्यानं मला परत अडवलं, आणि बरं केलं. मी अगदी भारावून म्हणत होतो की एका छोट्या गॅलरीनं चित्राला नाव मिळवून दिलं. तो म्हणाला, "नाव कोणाचं मिळालं ते पण बघ." कारण त्याच्या घरी, त्याच्या आईच्या आणि आजीच्या घरी, हे चित्र पुरुष काढतच नव्हते. लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहायचा, मध्ये पालघाट देवी, आणि ते काम सवाशिणींचं. 'लिहायचा' हा शब्द त्याचाच. ते लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, गेरूची भिंत, आणि शेजारी धवलेरी बसून लग्नाची गाणी म्हणणार. त्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिल्या, पावसाळ्यात त्या धुऊन गेल्या, सही कोणी केली नाही, कारण सही करायची ती गोष्टच नव्हती. मग कागद आला, गॅलरी आली, बाजार आला, आणि मोठी झालेली बहुतेक नावं पुरुषांची. मी म्हटलं, "मग गॅलरीनं चूक केली का?" तो म्हणाला, "मी चूक कुठे म्हटलं? बघ म्हटलं." टेस्टिंगवाला!

पण त्याच्या बोलण्यातून मला एक धागा सापडला. चौकाच्या त्या खोलीत चित्र आणि गाणं एकाच वेळी चालू असतं. आपल्याकडे प्रदर्शन एका हॉलमध्ये, मैफल दुसऱ्या हॉलमध्ये, आणि प्रिंट ऑनलाइन. तिन्ही गोष्टींची दारं वेगळी. त्या भिंतीपुढे ते एकच होतं.

आता प्रिंटबद्दल. कारण मूळ चित्राची किंमत मी घडी घालून परत ठेवली होती, तरी मला भिंतीवर काहीतरी हवं होतंच.

माझ्या विरारच्या फ्लॅटमध्ये आधीपासून एक 'वारली' होतं. तीन तुकड्यांचा कॅनव्हास सेट, अ‍ॅपवरून घेतलेला, ८९९ रुपये, दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी. त्या शनिवारी घरी येऊन मी ते पहिल्यांदा नीट बघितलं. त्यातही वाजवणारा नव्हता! कोणीतरी माझ्याआधीच डिलीट केला होता. मागे उलटून बघितलं तर बारकोड होता, साइज होता, धुवायच्या सूचना होत्या. काढणाऱ्याचं नाव नव्हतं.

छापील चित्राला माझा विरोध नाही हं. उलट आपल्याकडे सामान्य माणसाच्या घरात चित्र आलं तेच छापून. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. जर्मनीहून आणलेली यंत्रं, दगडावरची छपाई, एकेका रंगाला वेगळा दगड. पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. आपल्या पणज्यांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती बऱ्याचशा तिथून किंवा तिच्या नकलांमधून आल्यात. ज्याला राजवाड्यातलं तैलचित्र परवडत नाही त्यालाही छापील लक्ष्मी परवडायची. आणि त्या स्वस्त चित्रांच्या खालच्या काठावरही बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असायचं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्रिंटवर आहे, माझ्या ८९९ च्या कॅनव्हासवर नाही.

तर गॅलरीवाले ज्याला 'प्रिंट' म्हणतात ती भानगड काय असते ते मला नंतर समजलं. चित्रकार लाकडावर किंवा लिनोलियमवर किंवा धातूच्या पत्र्यावर स्वतः कोरतो, शाई लावतो, प्रेसमधून कागद काढतो. ठरवलेल्या संख्येइतकेच कागद काढतो. चित्राखाली पेन्सिलीनं आकडा असतो, उदाहरणार्थ ४/१५. म्हणजे पंधरापैकी चौथी प्रत. शेजारी सही. कधी आकड्याऐवजी 'ए. पी.' असतं, म्हणजे चित्रकाराची स्वतःसाठीची प्रत. ही झेरॉक्स नव्हे, प्रत्येक प्रत हातानं काढलेली, तेच मूळ काम. दुसरा प्रकार म्हणजे रंगीत चित्राचा फोटो काढून चांगल्या कागदावर काढलेली डिजिटल प्रत. तीही वाईट नाही, तीवरही सही आणि आकडा असू शकतो, फक्त ती काय आहे ते विचारून घ्यायचं आणि त्या हिशेबानं पैसे द्यायचे. आम्ही सॉफ्टवेअरवाले आवृत्तीचा नंबर बघितल्याशिवाय काही इन्स्टॉल करत नाही. इथेही तेच करा, लाजू नका.

मी माझी पहिली प्रिंट विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनात घेतली. बावीसशे रुपये. विरार स्टेशनच्या पुलावरची गर्दी, लिनोकट, काळी-पांढरी. काढणारा मुलगा शेजारीच उभा होता. मी पैसे दिले तेव्हा त्यानं मला दोनदा विचारलं, "नक्की ना?" त्याची ती विकली गेलेली पहिली प्रत होती. त्यानं माझ्यासमोर पेन्सिलीला टोक काढलं आणि सही केली. हात थरथरत होता, त्यामुळे सही जरा वाकडी आहे. मला ती फार आवडते.

आपल्या वसई-विरारकरांसाठी एक कामाची गोष्ट. आपली हवा कागदाची शत्रू आहे. जूनमध्ये कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे चित्राचं काय! फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट, ज्याला माउंट म्हणतात, ती घाला. आम्लविरहित पुठ्ठा मागा, नाहीतर कागद काही वर्षांत पिवळा पडतो. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा, बाल्कनीच्या उन्हासमोर नको. आमच्या कोपऱ्यावरचा फ्रेमवाला आधी म्हणाला, "साहेब, हे सगळं कशाला, लॅमिनेशन करून देतो ना!" लॅमिनेशन अजिबात करू नका. केकू गांधींनी सुरुवात फ्रेमपासून का केली असेल ते मला त्या दुकानात कळलं.

आणि मैफल? तिथे येतो. तो वाजवणारा माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून भाताची कापणी झाल्यावर मी सहकाऱ्याबरोबर त्याच्या गावी गेलो. तारपा प्रत्यक्ष पहिल्यांदा बघितला. सुकवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब भोंगा, जोड मेणानं बुजवलेले. चित्रात तो जेवढा लांब दिसतो तेवढा खरंच असतो, मला ती अतिशयोक्ती वाटायची. आणि आवाज... मोबाइलच्या स्पीकरवर तो येत नाही, रेकॉर्ड करून बघितलाय मी, म्हणूनच या भागात वाजवत नाहीये. तो छातीत वाजतो. श्वास तुटत नाही, वाजवणारा गाल फुगवून वाजवता वाजवताच आत हवा घेतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सूर चालूच. रांग फिरायला लागली. मी बाजूला उभा राहून शूटिंग करत होतो. एका आजींनी हाताला धरून मला ओढलं आणि रांगेत घातलं. मला पाऊल जमलं नाही. दोनदा मी नको तिकडे वळलो आणि माझी पाठ तारप्याकडे झाली. दोन्ही वेळा शेजारच्या मुलानं मला खांद्याला धरून सरळ केलं, काही न बोलता.

जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आलं. आपल्याच जिल्ह्याचे. वय नव्वदीच्या पुढे. ती बातमी आली तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर सहकाऱ्यानं फक्त लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'वाजवणारा सापडला.' बाकी कोणाला कळलं नाही.

आता पुढे काय काय आहे ते पटकन सांगतो, लिहून घ्या. जहांगीरमध्ये दर मंगळवारी नवी प्रदर्शनं लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात, वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश फुकट. खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार धरा. एक प्रदर्शन साधारण महिनाभर असतं. पहिल्या संध्याकाळी, ओपनिंगला, गेलात तर चित्रकार स्वतः भेटतो, विचारायला लाजू नका, त्यालाही कोणाशी तरी बोलायचं असतं. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा कुलाबा-फोर्टच्या गॅलऱ्या एकाच वेळी नवी कामं लावतात, पायी फिरून एका दिवसात बऱ्याच होतात. जानेवारीच्या अखेरीला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस काळा घोडा महोत्सव, त्यातल्या गाण्याच्या मैफली फुकट असतात, मात्र गर्दी विरार लोकलची. शनिवार-रविवार टाळा, एखादा वार रजा टाका. थंडीच्याच दिवसांत जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन असतं. विद्यार्थ्यांची प्रिंट बघायची तर तिथे. आणि तारपा ऐकायचा तर चर्चगेटच्या उलट दिशेची गाडी पकडा, कापणीनंतर. त्याचं पोस्टर लागत नाही, तिथल्या एखाद्या माणसाशी ओळख काढावी लागते.

राहिला तो बग. दिवाळी पाच दिवसांत संपली, स्क्रीन अ‍ॅपमधून निघून गेली. फाइल मात्र आमच्या कोडमध्ये तशीच पडून होती, मधोमध लोगो. मी तो बग पुन्हा उघडला. स्वतःच्याच नावावर घेतला. पुढच्या दिवाळीसाठी डहाणूच्या एका चित्रकार बाईंकडून चित्र काढून घ्यायचं, पैसे द्यायचे आणि स्क्रीनवर खाली त्यांचं नाव लिहायचं, असा मेल मॅनेजरला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "पण हे तर फ्रीमध्ये मिळतं ना?" मी त्याला २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालंय ते सांगितलं, कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगितलं, जे चित्रकाराला आपल्या कामावर नाव सांगण्याचा हक्क देतं. तो म्हणाला, बजेटमध्ये बघतो. दोनदा आठवण केलीय. त्या बाईंनाही मी खरं तेच सांगितलंय, की होईलच असं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. लोगो कुठे लावणार ते आधी सांगा." कोणीतरी त्यांना आधीच सगळी कहाणी सांगितलेली दिसते!

तिकीट अजून ओपन आहे.

येत्या शनिवारी आम्ही फोर्टला जातोय. मी, सहकारी आणि मागच्या भागानंतर मेसेज केलेले तुमच्यातले चौघं. विरारला सव्वानऊला, चर्चगेटच्या बाजूच्या पुलाखाली भेटू. चपला चालतात.